मास्तरांचं स्वतःचं माप

दुकानाच्या तीन पायऱ्यांपुढे टेलरमास्तर थबकले. पन्नास वर्षं ते या पायऱ्या कापडाचे गठ्ठे घेऊन दोन ढांगांत चढले होते. आता हातात नवीकोरी काठी होती. पण काठी आल्यापासून भीती उलट वाढलीच होती, आणि हे सांगायचं कुणाला?

महिन्यापूर्वी ते दुकानातच पडले. हाड वाचलं, पण मुलानं बजावलं, "बाबा, आणखी एकदा पडलात तर दुकानाला कुलूप. मग माझ्याशी वाद घालायचा नाही." मुलगा बोलेल ते करणारा. दुकान गेलं की दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या वाकड्या कॉलरी बघायच्या, या विचारानंच मास्तरांना धडकी भरे.

काठीवाल्यानं आधी वॉकर दाखवला होता. "दोन्ही हात अडकले तर कात्री काय दातात धरू?" म्हणून मास्तरांनी तो बाजूला सारला. मग तो म्हणाला, "काका, चपला घालून ताठ उभे राहा, मनगटापर्यंत माप घेतो." झालं! ज्यानं अख्ख्या गावाची मापं घेतली, त्याचं माप हा घेणार? "छत्तीस इंच काप," मास्तरांनी हुकूम सोडला. दुकान उघडलं तेव्हाच मापवहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं माप लिहून ठेवलं होतं. पँटची उंची एकेचाळीस, कमरेपासून मनगटापर्यंतचे पाच वजा, राहिले छत्तीस. आकडे तोंडपाठ.

तीच छत्तीस इंची काठी टेकत ते पहिली पायरी चढले. दुसरीवर काठी ठेवताच खांदा पार कानाला भिडला आणि तोल मागे गेला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले.

आत त्यांची बायको एका शर्टाची काजं करत बसली होती. तिनं सुई कापडात खोचली.

"अहो, तुम्ही त्या काठीला लटकताय."

"फरशी गुळगुळीत आहे."

"फरशी पन्नास वर्षं तीच आहे. सरळ उभे राहा. चपला नका काढू."

तिनं मास्तरांच्याच गळ्यातली टेप ओढून घेतली. मास्तरांना कसंसंच झालं. आजवर त्यांच्या अंगाला दुसऱ्या कुणी टेप लावलीच नव्हती. तिनं खाली बसून एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं मनगटाला.

"साडेचौतीस."

"शक्यच नाही. तिरकी धरलीस."

तिनं पुन्हा धरली. साडेचौतीसच. मग तिचा हात त्यांच्या पँटच्या मोहरीवर थांबला. टाचेखाली येऊन येऊन तिचे धागे निघाले होते.

"ही पण वहीतल्याच मापाची ना?" तिनं हळूच विचारलं. "त्या दिवशी पडलात, तेव्हा पाय कशात अडकला होता?"

याच मोहरीत, मास्तरांना आठवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गिऱ्हाईक "मागचंच माप धरा" म्हणालं की हेच मास्तर डाफरायचे, "माणूस म्हणजे काय लाकूड आहे? दर वेळी नवं माप!" आणि स्वतः दीड इंचानं खाली आले, त्याचा पत्ता नाही.

दुपारी बायकोच्या हाताला धरून ते काठीवाल्याकडे गेले. चपला घालून, होतील तेवढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "घे बाबा माप." काठी कापून झाली. परतल्यावर त्यांनी आधी पँटची मोहरी वर दुमडून शिवली आणि मग तीन पायऱ्या उतरून पुन्हा चढले. भीती गेली नव्हती, पण खांदा जागेवर राहिला.

मग त्यांनी मापवही उघडली, पहिल्या पानावरच्या आकड्यांवर काट मारली आणि नवं माप लिहायला पेन टेकवलं.

"पेन्सिलनं लिहा," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायचंय."

मास्तरांनी पेन ठेवलं आणि कानावरची पेन्सिल काढली.