सही करून सोडलेली पोरगी

मी अजून बाप आहे, हे मला वडगावच्या कोर्टाच्या नोटिशीनं कळवलं. तोवर मी स्वतःला बाप समजायचं सोडूनच दिलं होतं.

नोटीस आली तेव्हा मी मळवली स्टेशनाबाहेर रिक्षा लावून भाज्याच्या लेण्यांचं गिऱ्हाईक बघत होतो. कागद दोनदा वाचला. माझ्या सहा वर्षांच्या पोरीच्या वतीनं तिच्या आईनं माझ्यावर खर्चाचा दावा लावला होता.

पोरीची आई कार्ल्याची, शेतीवाडीवाल्या घरातली. आम्ही भाज्याचे, बौद्ध. दोन्ही घरांनी हाकललं तसं आम्ही लोणावळ्यात खोली घेऊन राहिलो. लग्न करू, करू म्हणता राहूनच गेलं आणि पोरगी झाली. पोरगी दोन वर्षांची असताना तिचे मामा आले आणि दोघींना घेऊन गेले. मग चार माणसं बसली, स्टॅम्पपेपर आला. पोरीवर माझा हक्क नाही, मी तिला भेटायचं नाही, आणि तिकडून कुणी माझ्याकडं काही मागायचं नाही. आमच्याकडं भांडण असंच मिटतं. बांधाचं असो नाहीतर बायकोचं, कागद झाला की विषय संपला. पोरीच्या आईला कुणी विचारलंच नाही, तिच्या बाजूनं भावानं सही केली. माझा चुलता म्हणाला, "कर सही. पोरीचं पुढं वाटुळं नको व्हाया." झक मारली आणि केली.

त्यानंतर चार वर्षं मी कार्ल्याचं भाडं घेतलं नाही. गिऱ्हाईक दुप्पट देतो म्हणालं तरी नाही. लिहून दिलंय म्हणजे दिलंय. एकदा हायवेच्या कडेनं शाळेच्या पोरींची रांग चालली होती, तर मी मान फिरवली. असला शहाणा मी.

तर तोच कागद आणि चुलत्याला घेऊन मी वडगावला वकीलबाईंकडं गेलो. म्हणालो, "मॅडम, मी तर यातनं कवाच सुटलोय." त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"याला काही अर्थ नाही. खर्च मिळणं हा मुलीचा हक्क आहे, तो तुम्ही मोठ्यांनी कोण सोडायचा? लग्न झालेलं असो नसो, बापाची जबाबदारी सुटत नाही."

"आणि मला भेटायचं आसंल तर?"

"अर्ज करायचा होता ना. लग्न नसेल तर ताबा आधी आईचा, पण भेट मागता येते. कधीही मागता आली असती. तुम्ही आलाच नाहीत."

कधीही. चार वर्षं मला कायद्यानं अडवलंच नव्हतं. राग चुलत्यावर काढावा, पोरीच्या मामांवर काढावा का स्वतःचं थोबाड फोडावं, काही कळेना.

बाहेर आल्यावर चुलता म्हणतो कसा, "माजी न्हाईच म्हणून सांग. लगीन न्हाई, काय न्हाई. पोरगी तुजी कशावरनं?"

मी म्हणालो, "आबा, तुमी आता गप बसा. येकदा तुमचं ऐकलं तेवढं लय झालं."

तारखेला साहेबांनी विचारलं, मुलगी तुमची का? मी म्हणालो, "व्हय साहेब, माजीच. खर्च देतो. पन मला तिला भेटू द्या." पोरीच्या आईनंही हरकत घेतली नाही. दर रविवारी दोन तास, असं ठरलं.

कोर्टाच्या आवारात ती एकटीच उभी होती. भावांशी फाटलं होतं, आता कार्ल्याला रस्त्यावरच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "पोरगी माजं नाव काढती का?"

ती खाली बघायला लागली. "तिला सांगितलंय, तू वारलास. भावांनी तसंच सांगाया लावलं. शाळेतबी कैलासवासी लिवलंय."

कैलासवासी. बौद्धाला. मी तिथंच पायरीवर बसलो. जिवंत माणसाला यांनी मारून टाकलं होतं, आणि मला चार वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

"मंग रविवारी तिला काय सांगनार हायेस?" मी विचारलं.

"मी न्हाई सांगनार," ती म्हणाली. "बाप गेला म्हनून ती रडली, ते मी बघितलंय. सही तू केलीस. आता तूच सांग तिला."