धुक्यातला हिंग
हिंगाची डबी उघडली की मला विलायतेतल्या स्काय बेटावरचं धुकं आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी चौदा वर्षांची. “कॅम्पसाइटवर पोह्यांना फोडणी नको गं, सगळे बघतात!” असं आईवर चिडून मी माउंटन बाइक काढली आणि त्या जुन्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडांत एकटीच गेले. जाताना वारा पाठीमागून ढकलत होता. मग धुकं उतरलं. वाट दिसेना, कडा कुठे तेही कळेना. रडकुंडीला आले, तेवढ्यात वाऱ्यावर हिंगाचा वास आला. वारा तोंडावर घेत, सायकल ढकलत मी तंबूपाशी पोचले आणि जीव भांड्यात पडला. कढईत पोहे नव्हतेच. हाका मारून घसा बसलेली आई नुसती फोडणीवर फोडणी करत होती. “वास तरी पोचेल म्हटलं,” ती म्हणाली. आज माझी लेक कोटांना फोडणीचा वास लागतो म्हणून कुरकुरते. मी चिमूटभर हिंग जास्तच घालते.