रबरी बुश, मी आणि पावणेदोन तास

परवा कंपनीने मला विमानाने चेन्नईला पाठवलं. खरं तर पाठवायचे होते रबरी बुश... मी नुसता सोबत होतो.

आमची चाकणची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते, मी डिस्पॅचला आहे. चेन्नईच्या कस्टमरकडे बुश कमी पडले आणि त्यांची गाड्या जोडायची लाइन थांबायची वेळ आली. अशा वेळी ट्रक उपयोगाचा नाही. माणसाच्या बॅगेत पार्ट भरायचे, त्याला विमानात बसवायचं आणि संध्याकाळी परत बोलवायचं. आमच्याकडे याला 'हॅन्ड कॅरी' म्हणतात.

पहिलंच विमान, राव! चाकण ते लोहगाव विमानतळ सव्वादोन तास, त्यातला पाऊण तास तळेगाव चौकातच. पुढचे साधारण नऊशे किलोमीटर पावणेदोन तासांत. खिडकीतून पंखाचा फोटो काढला आणि उतरल्या उतरल्या स्टेटसला टाकला, 'पुणे टू चेन्नई'. तिथेच माती खाल्ली.

कारण माझी धाकटी बहीण सुवर्णा सहा वर्षं चेन्नईलाच राहते, दाजींची नोकरी तिकडे. ती वर्षातून एकदा पोरीला घेऊन वीस तास ट्रेनने गावी येते. मी एकदाही गेलो नाही. दर भाऊबीजेला फोनवर ओवाळून घ्यायचं आणि म्हणायचं, लांब आहे गं...

त्या दिवशीही तिला न कळवता गुपचूप परत यायचं ठरवलं होतं. पण बॅगेची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात तिचा फोन.

"दादा, चेन्नईत हायेस?"

"हो अगं, कंपनीचं काम निघालं अचानक."

"किती वेळ लागला?"

"पावणेदोन तास."

ती म्हणाली, "एवढाच?"

भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या 'लांब आहे'वर तिने सहा वर्षं विश्वास ठेवला होता. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

कस्टमरच्या गेटवर बुश दिले, चलनावर सही-शिक्का घेतला. तिचं घर तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर निघालं. आईने पार्सलने पाठवलेल्या पिठाच्या भाकरी तिने घाईघाईत थापल्या, पिठलं केलं. एक शब्द टोचून बोलली नाही. जेमतेम पाऊण तास बसलो... तळेगाव चौकात अडकलो होतो तेवढाच वेळ.

निघताना रिक्षापर्यंत सोडायला आली. पुन्हा ये, असं काही म्हणाली नाही. हसत एवढंच विचारलं, "दादा, परत कधी कमी पडतील रे तुमचे पार्ट?"

मला काही हसता आलं नाही.

विमानतळावर बसल्या बसल्या भाऊबीजेचं तिकीट काढलं, सुट्टी मंजूर व्हायच्या आधीच. आणि या वेळी स्टेटसच्या आधी तिला फोन केला.