मालनचा चाफा आणि सुंदराबाईची पपई

भांडुपच्या डोंगराकडच्या बैठ्या चाळीत शेवटची खोली मालनची. शेवटची म्हणून नळाचं पाणी सगळ्यांत उशिरा यायचं, पण मागे अंगणाचा तुकडा मात्र जास्तीचा मिळाला होता. तेवढ्या तुकड्यात मालनने अख्खं गावचं परडं कोंबलं होतं. पावसात गुलबक्षी नि तेरडा, गणपतीला जास्वंद, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती आणि अबोली, आणि होळी जवळ आली की मोगरा. तेलाचे डबे, फुटकी बादली, मुलाचा लहानपणीचा टब, रिकामं दिसेल त्यात माती. नवरा सहदेव मिलमधून येऊन उंबऱ्यावर टेकला की म्हणायचा, "जास्त वेळ बसलो तर माझ्यातपण रोप लावशील गो."

"तुमच्यात काय रुजणार? आत सगळा कापूस."

सगळं फुलायचं, एक सोनचाफा सोडून. माहेरी कुडाळला गेली होती तेव्हा तिकडनं बी आणून लावलेला. सात वर्षांत वाढून पत्र्याच्या वर गेला, पानं अशी तकतकीत की हात फिरवावासा वाटेल, आणि फूल म्हणाल तर एक नाही. शेजारच्या सुंदराबाईला हे बोलायला बरं सापडलं होतं. "तुझा चाफा पेन्शनीत निघाला की काय गं?"

मालनने का ऐकून घ्यावं? सुंदराबाईची तरी काय मोठी बाग होती. चाफ्याला लागूनच, हद्दीच्या पलीकडे, तिची एक पपई होती, ती नर निघाली. फळ धरायचं नाही, नुसत्या फुलांच्या लांब माळा लोंबायच्या. तोडून टाक म्हटलं की सुंदराबाई फणकारायची. "संध्याकाळी वास घेऊन बघ, मग बोल." वास खरंच गोड यायचा. मालन ते कबूल करायची नाही.

ऐंशी साली मुलाचं, नंदकुमारचं लग्न ठरलं. वैशाखात सून येणार. सहदेव म्हणाला, "चौघांच्या देखत नळावर आंघोळ करील काय ती पोर? मागे न्हाणी बांधू या. चाफा तोडला की जागा होते."

न्हाणी हवी होती हे मालनलाही दिसत होतं. आपण स्वतः किती वर्षं पहाटे उठून लपतछपत आंघोळी केल्या, ते काय ती विसरली होती? शेवटी म्हणाली, "पाडव्यापर्यंत थांबा. एक फूल आलं तरी तोडायचा नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर तोडा."

आता माघातली अवस होती आणि त्या दिवशी भर दुपारी सूर्याला मोठं ग्रहण लागणार होतं. मालनला आईची रीत आठवली. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाचे टोले द्यायचे आणि विचारायचं, फळतोस की तोडू? आईने तसाच एक फणस वठणीवर आणला होता. मुंबईत मुसळ कुठलं? कपडे बडवायचं धोपटणं होतं.

ग्रहण लागलं. रस्त्यात माणूस दिसेना. सहदेव एरवी असल्या गोष्टींना हसायचा, पण दार लावून चहाला नको म्हणून बसला होता. मालन मागच्या दाराने सटकली. ग्रहण बघायचं नाही म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला, दिसत होती फक्त स्वतःची पावलं. चाफ्याच्या बुंध्याशी तिने विटांचं आळं केलेलं होतं. विटा दिसल्या, तशी ती थांबली. "फुलतोस की तोडू?" म्हणाली आणि सगळा राग एका टोल्यात काढला.

कचकन आवाज झाला आणि काहीतरी धप्पकन पडलं.

पदर वर केला तर पपई आडवी. आदल्या दिवशी न्हाणीचं माप घेताना सहदेवने आळ्याच्या विटा काढून पपईजवळ रचल्या होत्या. त्यात सुंदराबाईच्या भांड्यांचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरून बुंधा पोकळ झालेला. चाफा शेजारी जसाच्या तसा उभा.

ग्रहण सुटल्यावर सुंदराबाई मागे आली. "हे कुणी केलं?"

"मी," मालन म्हणाली. "मला चाफ्याला मारायचं होतं."

"इतकी वर्षं पाणी घातलंस, तुला तुझं झाड ओळखता येत नाही?"

"डोळ्यांवर पदर होता. न फुलला तर हे तोडणार आहेत गं. न्हाणीसाठी."

सुंदराबाईने पडलेल्या फुलांच्या माळा ओच्यात गोळा केल्या आणि आत गेली. त्यानंतर ती बोलेना. मालन मुद्दाम मोठ्याने भांडी आपटायची, निदान भांडण तरी होईल म्हणून. तेही नाही.

पाडवा झाला. चाफ्यावर कळी नव्हती. सहदेव दोरी आणि कुऱ्हाड घेऊन मागे आला. मालन आत चुलीकडे तोंड करून बसली. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "सहदेवभाऊ, ती दोरी इकडे आणा."

सुंदराबाई पपईच्या खड्ड्याजवळ उभी होती. "जागा इथे रिकामी झालीय ना? इथे बांधा न्हाणी. दोन्ही घरांची. मी काय जन्मभर नळावरच आंघोळ करू?"

मालन धावत दारात आली. सुंदराबाई तिच्याकडे न बघताच म्हणाली, "पण पहिलं फूल माझं."

"आणि फुललाच नाही तर?"

"तर धोपटणं माझ्याकडे दे. मी डोळे उघडे ठेवून मारीन."

न्हाणी झाली, सून नीला आली, एक पावसाळा गेला, शेवंती झाली, मोगरा लागला. पुढच्या चैत्रात एका सकाळी नीला न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली आणि थबकली. "सासूबाई, अत्तर सांडलं का कुणाचं?"

शेंड्याला पिवळं फूल होतं. सहदेवने न्हाणीच्या पत्र्यावर चढून ते काढलं, मालनने पदराखाली झाकून सुंदराबाईला नेऊन दिलं. सुंदराबाईने आधी वास घेतला, मग अंबाड्यात खोवलं, आरशात बघितलं.

"टोला लागला म्हणायचा तर," मालन म्हणाली.

"टोला कुठला? घाबरला तो. डोळ्यांदेखत शेजारी पडला ना त्याचा."

मालन हसली खरी, पण ते तिच्या मनात राहिलं. तेव्हापासून कपडे बडवायला बसली की ती धोपटणं आडोशाला धरायची, चाफ्याला दिसू नये म्हणून.