नाल्यात जाणारं दूध

आमच्या वहिनीला सगळे गिअरवहिनी म्हणतात, कारण दुधाचा टँकर ती चालवते. दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, स्टिअरिंग हातात आलं की दरदरून घाम फुटतो. पण बिथरलेली गाय त्याच्या नुसत्या हाकेने मान खाली घालते. तेव्हा लग्नानंतर दोघांनी सरळ वाटणी करून टाकली: गोठा त्याचा, गाडी तिची. मी धाकटा दीर. संकलन केंद्रावर दुधाचं फॅट तपासायचं आणि टँकर भरला की वहिनीच्या शेजारी बसून डेअरीपर्यंत जायचं, हे माझं काम. तिने ब्रेक मारला की माझं कपाळ काचेवर. वर हिचं ठरलेलं, "भावजी, काच फुटली तर भरून द्यावी लागेल हं!"

साथ आली, बंदी लागली आणि सगळंच उलटंपालटं झालं. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, आइस्क्रीमचे कारखाने बंद. डेअरीने आमच्या दुधाचा भाव पाडला, पुन्हा पाडला. पेंडीचा भाव मात्र चढतच गेला, कारण ती आणणारे ट्रक रस्त्यातच अडकले होते. आणि गायींना काय सांगणार? साथ आहे, जरा दमाने घ्या? त्या आपल्या दोन्ही वेळा कासा भरून उभ्या! शेजारच्या काकांनी तर दोन दुभत्या गायी मिळेल त्या भावाला विकल्या.

अशातच एका सकाळी आम्ही डेअरीच्या फाटकावर पोचलो, तर पुढे टँकरांची ही लांबलचक रांग. फाटक बंद. आतले निम्मे कामगार आजारी पडलेले. डेअरीचे व्यवस्थापक मास्क सावरत रांगेतून फिरत होते. बिचाऱ्यांचे डोळे सुजलेले होते.

"आज एक थेंबही घेता येणार नाही," ते म्हणाले. "यंत्रं चालवायला माणूसच नाही. दूध मागच्या नाल्यात सोडा. दुसरा इलाज नाही."

पुढच्या टँकरने सोडलंसुद्धा! नाल्यातून पांढरा लोट वाहत निघाला. काठावरची कुत्रीदेखील बावरून बघत होती.  वहिनीने तो लोट पाहिला आणि खाडकन गिअर टाकला.

"वहिनी, नाला मागे आहे!"

"माहीत आहे. पट्टा लावा."

"पण निघालात कुठे?"

"शहरात. परवा माझी बहीण फोनवर रडत होती. तिच्याकडे दुकानदार दुप्पट भाव लावतो आणि तरी दूध मिळत नाही. इथे नाल्याला दूध पाजायचं आणि तिथे लेकरांनी कोरडं खायचं?"

"दूध डेअरीचं आहे, वहिनी!"

"त्यांनी घेतलंच कुठे? घेतलं नाही म्हणजे अजून आपलंच." तिने फोन माझ्याकडे फेकला. "तुमच्या दादांना लावा. म्हणावं, गावात घरोघर विचारा, दूध शहरात विकलं तर चालेल का?"

दादाने सायकल काढली. आम्ही पुलापर्यंत पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. "सगळे म्हणतात, विका!" तो धापा टाकत ओरडला. "काकांनी तर विचारायच्या आतच हो म्हटलं!"

नाक्यावर हवालदाराने काठी आडवी धरली.  वहिनीने काच खाली केली आणि म्हणाली, "दूध आहे, साहेब. उन्हात उभं केलंत तर दही होईल."

त्याने टँकरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "कुठल्या बाजूला जाणार?" मग जरा आवाज उतरवून, "स्टेशनमागच्या चाळीत माझी आई असते. तिकडून जाल का?"

"तिकडूनच जाते!"

बहिणीच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती, खिडक्या बंद. वहिनीने जो हॉर्न धरून ठेवला, की बस्स! खटाखट खिडक्या उघडल्या. ती टपावर चढली आणि ओरडली, "दूध! ताजं दूध! कच्चं आहे, उकळून घ्या! भाव नेहमीचा!"

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग वरून एका आजोबांनी चादरीला बांधलेली बादली सोडली आणि गल्ली जागी झाली. पातेली, कळशा, कुकर, एकाने तर मुलाचा आंघोळीचा टबच काढला!

घोळ माझ्याकडून झाला. मागची तोटी डेअरीच्या जाड पाइपासाठी होती, हे त्या गडबडीत मी विसरलो. उघडली मात्र, दुधाचा असा फवारा आला की मी डोक्यापासून बुटापर्यंत न्हालो. सगळी गल्ली खदखदून हसली. किती आठवड्यांनी ती माणसं हसत असतील कोण जाणे. वहिनी हसत हसतच खाली उतरली आणि नमुने काढायची बारीक तोटी तिने उघडली.

तेवढ्यात गर्दी अंगावर यायला लागली. मग तळमजल्यावर राहणाऱ्या शाळेच्या बाई शिट्टी फुंकत बाहेर आल्या. खडूने रस्त्यावर चौकोन आखले आणि दरडावलं, "चौकोनाबाहेर पाय पडला, तर रांगेच्या शेवटी!" मोठाली माणसंसुद्धा मुकाट्याने चौकोनात उभी राहिली.

तिथून स्टेशनमागची चाळ, मग आणखी एक गल्ली. ऊन तापायच्या आत टाकी खडखडीत रिकामी! हवालदाराच्या आईने भरली तपेली उंबऱ्यात ठेवून लांबूनच वहिनीची दृष्ट काढली.  परतताना ती मोठमोठ्याने गात होती, तेही भलत्याच सुरात.

डेअरी सुरू होईपर्यंत आम्ही रोज गेलो. शाळेच्या बाई आदल्या दिवशीच फोनवर सांगायच्या, कुठल्या गल्लीत किती घरं. त्या गल्ल्यांतला दुकानदारही मग गुपचूप भाव खाली आणून बसला. सगळं काही निभावलं असं नाही. काकांच्या विकलेल्या गायी परत आल्या नाहीत. पण त्यानंतर आमच्याकडची एकही गाय विकायची वेळ आली नाही आणि एक थेंबही नाल्यात गेला नाही.

बंदी उठल्यावर बाई अख्खी गल्ली बसमध्ये घालून आमच्याकडे आल्या. दादा तर लग्नघर असल्यासारखा धावत होता, प्रत्येक गायीची ओळख करून देत होता. बादलीवाले आजोबा गोठ्याच्या दारातच थबकले. एका तांबड्या गायीने त्यांचा हात चाटला, तसे ते हरखून म्हणाले, "आमच्या घरी आलेलं दूध हिचंच का हो?"

"टाकीत सगळं एकच होतं, आजोबा," वहिनी म्हणाली. "चला, हात धुऊन घ्या आणि बादली उचला. धारेची वेळ झाली."