आभाराचा परिच्छेद

आमच्या जीवशास्त्र संस्थेत दर मार्चला मोजणी होते: वर्षभरात किती शोधनिबंध छापले आणि जगात किती जणांनी आपल्या लेखनात त्यांचा दाखला दिला. यंदा माझा बेडकाच्या एका नव्या जातीवरचा निबंध सगळ्यात वर आला. संचालकांनी शाल दिली, पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच पिशवीत टाकला.

कारण तो बेडूक मी शोधलेलाच नव्हता. दरेकसाच्या जंगलात मजुरी करणारे एक काका तीन पावसाळे माझ्यासोबत फिरले. नाल्याकाठी मी वही भरत असताना तेच अचानक थांबले. "म्याडम, आयका. हा येगराच बोलून राहिला." मी एवढी शिकलेली, मला सगळे बेडूक सारखेच ऐकू येत होते, वेगळा कुठला ते कळेना. मजुरीशिवाय त्यांनी एकच गोष्ट मागितली. "माजं नाव टाकजा बरं."

टाकलं होतं, शपथेवर सांगते. शेवटी, आभाराच्या परिच्छेदात. मग नियतकालिकाने शब्द कमी करायला सांगितले आणि मी मोठ्या हुशारीने आभारच उडवले. पुढच्या निबंधात टाकू, म्हटलं. लेख आल्याचं त्यांना फोनवर कळवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "छापलं नं?" मी हो म्हटलं. नावाचं बोलायला जीभ रेटली नाही.

यंदा शाल घेऊन पहिला फोन त्यांनाच लावला. काकूंनी उचलला. काका मागच्या उन्हाळ्यातच गेले होते, आणि मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी राहते त्या कुडव्याहून त्यांच्या गावी जायला गाडी काढली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून निबंधाची प्रत नेली. अक्कल बघा माझी! काकूंनी ती हार घातलेल्या फोटोपुढे ठेवली.

"बाई, ते साऱ्या गावाले सांगत होते, इंग्रजी पुस्तकात माजं नाव हाय म्हनून. कोनतं हाय ते?"

खरं सांगायचं, माफी मागायची, हे रस्ताभर घोकलं होतं. तोंड उघडलंही. पण काकू बोट पुढे करून थांबल्या होत्या, डोळे भरलेले. मी त्यांचं बोट धरलं आणि मथळ्याखालच्या पहिल्या नावावर ठेवलं.

"हे."

"केवढं लंबं हाय," त्या म्हणाल्या आणि त्यावर कपाळ टेकवून रडू लागल्या.

ते नाव माझं होतं.