घरून पाय धुऊन येजो

"घरून पाय धुऊन येजो. साबन लावून. टाचाही घासजो."

चर्चचा मास्तर माह्या बापाले असं म्हनला. आमच्या अंगनाच्या बाहेर सायकल उभी केली, एक पाय खाली टेकवला अन् तिथूनच बोलला. अंगनात आला नाई. तोही ख्रिस्ती, आमीही ख्रिस्ती. पन अंगन मांगाचं होतं ना.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, चर्चात पाय धुन्याचा विधी राहे. येशूनं मरायच्या आधी आपल्या बारा शिष्याईचे पाय धुतले, म्हनून फादर गावातल्या बारा मानसाईचे पाय धुये. बारातला एक आमच्यातला लागे. नाई तं लोकाईले कसं दिसन की चर्च साऱ्याईचं हाय? त्या वर्षी माह्या बापाचा नंबर लागला.

रिठदच्या बाजूले आमचं खेडं. बाबा शिंदीचे फडे बांधे अन् बाजारात इके. फडे म्हंजे झाडू, दुसरं काई नाई. दिवसभर शिंदी चिरायची, तिचे काटे पायात, वरून काळी माती. टाचेच्या भेगा अशा की त्यात पोराचं बोट जाईन. बाबा हापशीवर जाऊन बसला. मी दांडा हापसत होती. त्यानं वजरी घेतली अन् टाचा घासत सुटला. माती काई निंगेना. तो अजून घासे.

मी इचारलं, "बाबा, फादर तं धुनारच हाय ना? मंग तुमी काहून धुता?"

"पोट्टे, त्याचे हात खराब होतीन."

असं म्हने माहा बाप.

चर्चात समोर बाक मांडले होते. शाळेचे गुरुजी, दवाखान्याचा कंपाउंडर, असे एकेक बसले. बाबा शेवटी, त्याच्या अन् अकराव्याच्या मधात एका मानसाची जागा खाली. फादर परात घेऊन आला. पयल्याचा पाय हातात घेतला, पानी टाकलं, टावेलानं पुसला, वाकून पायाले ओठ लावले. दुसऱ्याचं तसंच. अकराव्याचंही तसंच. मी खाली चटईवर बसून वाट पाहून राह्यली की आता माह्या बापाचा पाय फादर हातात घेते.

बाबानं पाय पुढं केला. घासू घासू टाच उललेली. पानी पडलं अन् परातीत रक्त उतरलं. फादरनं हात मांगं घेतला. मंग लोटा उंच धरून वरून धार सोडली, जशी आपन कोनाले दुरून पानी पाजतो. टावेल बाबाच्या मांडीवर टाकला.

"तुम्हीच पुसा."

बाबानं स्वतःचा पाय स्वतः पुसला. ओठ कोनी लावले नाई. बाहेर आल्यावर मास्तर खवळला. "रक्त कायले आनलं बे? घासाले सांगतलं तं सोलून आला? तो टावेल आता घरीच ने. नवाच हाय."

बाबा साऱ्या मांगवाड्यात हसत हसत सांगत फिरला, फादरनं नवा टावेल देला म्हनून. माय फक्त येवढं बोलली, "चुलीत घाला तो." बाबानं चुलीत नाई घातला. पेटीत ठेवला. मरेपर्यंत कधी अंगाले लावला नाई, इतका जपला. मले आजही कळत नाई की त्याले खरंच समजलं नव्हतं, का समजूनच तो तसा हसे. त्याले इचारायचं राहून गेलं. आता कोनाले इचारू?

मी सिस्टर लोकाईच्या वसतिगृहात राहून दहावी झाली. मंग मिशनच्या दवाखान्यात आया लागली. लघवी-संडासचे भांडे उचलले, चादरी बदलल्या, म्हाताऱ्याईले कुशीवर वळवलं. लाजायसारखं त्यात काई नाई, अन् डोक्यावर घेऊन नाचायसारखंही नाई. काम होतं. पन पेशंट माह्याजवळ बोलत. नातेवाईक गेले की म्हनत, "बाई, बस ना थोडी." मी बसे. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं ते पाह्यलं अन् मले म्हने, हे शिकून घे, याचा वर्ग राह्यते.

त्याले आध्यात्मिक मार्गदर्शन म्हनतात. नाव मोठं हाय, पन काम साधं. एक मानूस येते, समोर बसते, देवाशी त्याचं कसं चालू हाय ते सांगते. प्रार्थना होते का, देवाचा राग येते का, देव हाय असं तरी वाटते का. आपन ऐकायचं. उपदेश झाडायचा नाई. दोन खुर्च्या, मधात एक मेनबत्ती, अन् एक तास. मी शिकली. बाकीचे शिकले तशीच शिकली, त्याईच्यापेक्षा जास्त हुशार नाई अन् कमीही नाई. परीक्षा झाली, पास झाली. मंग जिथं शिकली त्या केंद्राचे फादर स्वतः म्हनले, "पुढच्या वर्गाला तुम्ही आमच्याबरोबर शिकवायला या."

मी दवाखान्याचं काम सोडलं. मांगं वळून पाह्यलं नाई. मले वाटलं, हेच माहं पाचारन, देवानं मले याच्यासाठीच बोलावलं. बाबा तेव्हा जिता होता. खाटेवर पडून येनाऱ्या-जानाऱ्याले हाका मारे, "ऐकलं का बे, माही पोरगी फादर लोकाईले शिकोनार हाय!" पेरन्या झाल्या अन् तो गेला. बरंच झालं म्हना. पुढचं पाह्याले राह्यला नाई.

वर्ग सुरू झाला तेव्हा सोयाबीन काढनीवर होतं. केंद्र टेकडीवर, खाली सारी शेतं. पंचवीस-तीस शिकनारे आलेले, काई सिस्टर, काई ब्रदर, काई संसारी मानसं. समोर चार खुर्च्या. पद्धत अशी की पयल्या दिवशी शिकवनारानं उभं राहून सांगायचं, आपन कोन, कुठून आलो, देवानं कसं बोलावलं.

पयले फादर उठले. वडील मोठे डॉक्टर, घरचं हॉस्पिटल, ते सारं सोडून फादर झाले. मंग सिस्टर. कॉलेजात मानसशास्त्र शिकवे, विभागप्रमुख होनार होती, सोडलं. मंग एक वकीलसाहेब. चालती वकिली सोडली. हरेकाच्या पाठीमागं टाळ्या. मी ऐकत बसली अन् माह्या ध्यानात आलं, इथं पाचारन म्हंजे काय सोडलं ते. ज्याच्याजवळ सोडाले लय काई, त्याले देवानं मोठ्यानं हाक मारली. मंग मी काय सोडलं म्हनून सांगू? फडा सोडला म्हनलं तं कोन टाळी वाजवते?

तरी मी उठली. तोंड उघडलं. तेवढ्यात फादर मधात बोलले.

"या आमच्या केंद्राचं फळ आहेत. वंचित समाजातून आल्या. या शिकवणार नाहीत, शेवटच्या दिवशी साक्ष देतील."

आमच्यात साक्ष म्हंजे, मी कुठं पडली होती अन् देवानं मले कसं उचललं, ते रडून सांगायचं. ऐकनारे डोळे पुसतात. शिकवनं येगळं. शिकवनाऱ्याच्या समोर लोक वही उघडून बसतात.

टाळ्या मलेही पडल्या. लय पडल्या. मी खाली बसली. आदल्या सांजेपर्यंत मी शिकवनारी होती, अन् आता मी फळ होती.

शिकनाऱ्याईतले सहा जन माह्याकडं देले होते. रोज एकानं येऊन माह्यासमोर बसायचं, मी त्याले ऐकायचं. दुसऱ्या दिवशी सिस्टर माह्या खोलीत आली. माया लावून बोले ती, तेच तं वाईट.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांना तुमच्यासमोर मोकळं वाटत नाही. आम्ही त्यांना आपसात वाटून घेतलंय."

"साहीच्या साही?"

"हो."

"मी काई चुकली का, सिस्टर? कोनाले काई वाकडं बोलली?"

"नाही हो. तसं काही नाही."

तेच तं. चुकली असती तं सुधारली असती. जे चुकलंच नाई ते कसं सुधरवू?

मी तरी माह्या येळेवर खोलीत जाऊन बसली. मेनबत्ती लावली. समोरची खुर्ची खाली. बाहेर मळनी यंत्र चालू, भुसा खिडकीतून आत येई. मी म्हनलं, देवा, कोनी नाई तं तू तरी बस. एक तास बसली. दुसऱ्या दिवशी अजून एक तास. मले शिकवलं होतं की देव गप्प राह्यला म्हंजे नाई असं नाई, गप्पपनातही तो राह्यते. राह्यत असंन. माह्या खोलीत नव्हता. मी रडली, तोंडात पदर कोंबून रडली, काहून की शेजारच्या खोलीत वकीलसाहेब माह्यातल्याच एकाले ऐकून राह्यले होते अन् आवाज गेला असता. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोंब तरी कोनाजवळ मारावी? असं वाटे, खाली शेतात उतरावं, विहीर पाहावी, अन् सुटका करावी. खोटं कायले सांगू, वाटलं तसं. मायचा फोन आला. "शिकोते ना वं माय?" मी म्हनलं, "शिकोतो."

शेवटचा दिवस उजाडला. जेवनानंतर मी शेतात जाऊन आली. रात्री पानी पडून गेलेलं, चपला हातात घ्या लागल्या, पाय घोट्यापर्यंत काळे. पायरीवर सिस्टर भेटली, मांगं फादर. दोघाईचे चेहरे खुललेले, जसं काई माह्यासाठी खाऊच आनला.

फादर म्हनले, "आज समारोपाला आपण पाय धुण्याचा विधी ठेवलाय. आमच्या सगळ्यांची इच्छा आहे, तुमचे पाय धुवावेत. मी स्वतः धुणार. मग तुम्ही साक्ष द्या."

सिस्टरनं माह्या पायाकडं पाह्यलं. हसून म्हने, "फक्त जाऊन जरा पाय धुऊन या."

मी तिच्याकडं पाह्यलं. तिचा दोष म्हनावं तं काई नाई. तिले मास्तर माहीत नाई, हापशी माहीत नाई, परात माहीत नाई. तिनं कोनी शिकवल्याबिगर तेच म्हनलं. शब्द तेच. तीस-पस्तीस वर्सं झाली, मी शिकली, पास झाली, काम सोडलं, बाप मातीत गेला, अन् तरी पाय धुऊन ये. त्यावक्ती माह्यातलं काईतरी मोडलं, अन् जे मोडलं ते मोडाच लागत होतं.

"नाई," मी म्हनलं.

"काय नाही?"

"पाय धुनार नाई. अन् तुमाले धुवूही देनार नाई."

फादरचा चेहरा उतरला. "अहो, हा सन्मान आहे. प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानंही आधी पाय धुऊ द्यायला नाही म्हटलं होतं, मग प्रभूचं ऐकलं."

"पेत्राले घरून पाय धुऊन ये असं येशूनं नव्हतं म्हनलं, फादर."

मी तशीच आत गेली. पांढऱ्या फरशीवर काळे पाय उमटत गेले. सारे गोल बसले होते, मधात परात, घडी केलेला नवा टावेल. मी चौथ्या खुर्चीवर जाऊन बसली. शिकवनाऱ्याच्या.

मी म्हनलं, "पयल्या दिवशी माहं राह्यलं होतं, ते सांगतो. माहा बाप फडे बांधे. मांगाचा. मी दवाखान्यात आया होती. मी काईच सोडलं नाई, काहून की सोडाले काई नव्हतं. हे साक्ष म्हनून सांगून नाई राह्यली, वळख म्हनून सांगून राह्यली. यांनी त्याईची सांगतली तशी. आता वह्या उघडा. मी शिकवाले आली हाओ."

कोनी वही उघडली नाई. एकानंही नाई. दोन-चार जनाईनं खाली पाह्यलं, बाकीचे फादरकडं पाहून राह्यले. फादर हळूच म्हनले, "आपण नंतर बोलू." मंग त्याईनं भजन सुरू केलं. मी भजन संपेस्तोर बसून होती.

नंतर कोनी बोललं नाई. माह्यात नम्रता नाई, असं ठरलं. बोलावनं बंद झालं. परत येताना पोहरादेवीचं दर्शन करून आलेल्या लोकाईनं बस खचाखच भरली होती, मी उभ्यानं आली. वाड्यातले लोकही म्हनतात, "फादरचं ऐकाले पायजे होतं बाई, येवढं कायले तानलं?" मायनं बाबाची पेटी उघडली, टावेल काढला अन् चुलीत घातला. रक्ताचा डाग सोडला तं नवाकोराच होता. लय धूर झाला.

आता मी घरीच हाओ. वसरीत दोन खुर्च्या मांडल्या. रोज एक तास बसतो. कोनी येत नाई. देवही येत नाई अजून. आला तं त्याले पयला सवाल मीच करनार हाओ, की तू बारा जनाईचे पाय धुतले तेव्हा कोनाच्या पायाले हात लावला नव्हता?

पुढचा वर्ग सोयाबीन निंगाल्यावरच बसन. मले सांगावा येनार नाई, मी तरी जाईन. काळ्या मातीतून, चपला हातात घेऊन जाईन. चौथ्या खुर्चीवर बसीन अन् शिकवीन. आयकनारा नसंन तं भिताडाले शिकवीन. तोंडानं सांगून मी उठनार नाई. मले उठवायचंच असंन, तं या बाईले हात लावा लागंन.